आत्या बसली की कोलांटी झोपते

"मी हातसुद्धा लावला नाही! शपथ!" शेपूट कापड कापायच्या टेबलाखालून ओरडला.

"मग तू तिथे खाली काय करतोयस?" आत्याने विचारलं.

"लपलोय! तू ओरडणार हे माहीत होतं म्हणून!"

आत्याने कपाळाला हात लावला. तिच्यासमोर तो छोटा लॅपटॉप उघडा होता आणि त्याचा पडदा काळाठिक्कर पडला होता. सकाळपासूनची ही पाचवी वेळ!

"हात लावला नाहीस तर लपायचं कशाला?"

मोठ्या माणसांपुढे लपलं तर चोर आणि समोर उभं राहिलं तर आगाऊ! खिडकीपाशी उभ्या असलेल्या भिंगरीने ढापण्याकडे पाहिलं. ढापण्याने चष्मा वर सरकवला आणि एक लांबलचक सुस्कारा सोडला. सुट्टीतले चार दिवस संपले होते आणि चारही दिवस त्या तिघांनी फक्त बोलणी खाल्ली होती.

भिंगरी बारा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी. तिचा आठ वर्षांचा भाऊ सतत तिच्या मागे मागे, म्हणून तो शेपूट. दोघं सुट्टीला आत्याकडे आली होती. ढापण्या हा आत्याचा मुलगा. तेरा वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची खोड. तिघांनी सुट्टीचे केवढे बेत केले होते! उरलेल्या चिंध्यांचा तंबू शिवायचा, तो गच्चीत ठोकायचा, त्यात राहायचं. पण तंबू राहिला बाजूला. चार दिवस घरात एकच विषय चालू होता, "लॅपटॉप कोणी बिघडवला?"

तो लॅपटॉप काकांनी आणला होता. काका म्हणजे ढापण्याचे बाबा. "स्वस्तात मस्त!" हे त्यांचं आवडतं वाक्य. घरात काही नवीन आलं की ते वाक्य आधी आणि ती वस्तू मागून दारातून आत यायची. हा लॅपटॉप वहीएवढाच होता. त्याचा पडदा मागे मागे वळवत नेला की तो पार उलटा होऊन पाठीला चिकटायचा आणि लॅपटॉपचा टॅब व्हायचा. पुन्हा उलट वळवला की परत लॅपटॉप. शेपटाने पहिल्याच दिवशी ते बघितलं आणि टाळ्या पिटल्या. "कोलांटी मारली! कोलांटी मारली!" तेव्हापासून त्याचं नाव कोलांटी पडलं, आणि कोलांटी म्हटल्यावर तो लॅपटॉप आपसूक 'ती' झाला.

आत्याचं शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. दोन शिवणयंत्रं, एक लांबरुंद टेबल, भिंतीवर कापायच्या कागदी नमुन्यांचे गठ्ठे, आणि जमिनीवर पाय ठेवाल तिथे दोऱ्याचे तुकडे. आत्याच्या गळ्यात कायम मापाची टेप, कानावर खडूची पेन्सिल, आणि हल्ली डाव्या मनगटाला टाचण्यांनी भरलेला पट्टा. दहा वर्षं तिने लोकांच्या पँटी आखूड केल्या होत्या, उसवलेल्या बाह्या जोडल्या होत्या आणि बिघडलेल्या चेन बदलल्या होत्या. आणि आता पहिल्यांदाच मोठं काम आलं होतं. अग्निशमन दलाच्या अडतीस जवानांचे समारंभाचे कोट!

अडतीस कोट! शेजारच्या पाच जणी शिवायला तयार होत्या. कापायचं काम आत्याचं. आज पाच वाजता दलाचे प्रमुख, म्हणजे मुलांच्या भाषेत बंबसाहेब, पहिला कोट घालून बघायला येणार होते. तो कोट तयार होता. पण बाकीच्या सदतीस कोटांची मापं? ती होती कोलांटीच्या पोटात, आणि त्यांच्यापुढे कापायचे आकडे आत्याला तिथेच लिहायचे होते. दलाच्या केंद्रावर मापं घेताना आत्या आकडे सांगत होती आणि काका टॅबवर बोटाने टिपत होते. आत्याने मनाच्या समाधानासाठी चिठ्ठ्यांवरही आकडे लिहिले होते. पण घरी आल्या आल्या काकांनी त्या चिठ्ठ्या कचऱ्यात टाकल्या. "कागदाचा जमाना गेला!" असं वर म्हणाले.

आता अर्धे जवान प्रशिक्षणाला बाहेरगावी गेले होते. मापं पुन्हा घेणं शक्य नव्हतं. कोलांटी कायमची बंद पडली तर मापं गेली, आणि मापं नाहीत म्हणजे कोट नाहीत. आणि कोट नाहीत म्हणजे हे काम मोठ्या कारखान्याकडे जाणार आणि आत्या पुन्हा पँटी आखूड करत बसणार. आत्या हे कोणाला बोलून दाखवत नव्हती. पण दिवसभरात दहादा ती तो एकुलता एक कोट हँगरवरून काढायची, झटकायची आणि परत लावायची. भिंगरीला ते दिसत होतं.

"काय झालं? पुन्हा?" काका टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. त्यांनी कोलांटी स्वतःकडे ओढली, एक बटण दाबलं, आणि पडदा लख्ख उजळला. "ही बघ! चालू तर आहे!"

"तुमच्या हाताला चालू होते. माझ्या हाताला होत नाही."

"माझा हातच तसा आहे!" काका छाती फुगवून म्हणाले.

आत्या पुन्हा बसली. एका बोटाने तिने दोन आकडे टिपले, तिसऱ्याला बोट लावलं, आणि पडदा फटकन काळा!

"हे या पोरांचं काम!" काका म्हणाले. "रविवारी संध्याकाळी तिघं तिच्यावर चित्रं काढत होती आणि सोमवारपासून हे सुरू झालं. सरळ हिशेब आहे."

"बाबा, एक हत्ती काढला होता फक्त!" ढापण्या म्हणाला.

"दोन," शेपूट टेबलाखालून प्रामाणिकपणे म्हणाला.

"बघ! दोन!" काकांना जणू पुरावाच मिळाला.

"आत्या," भिंगरी पुढे झाली, "आमच्या हाताला चालली होती ना ती? मग आम्ही बसतो. मापं बघून कागदावर उतरवून देतो. अर्ध्या तासात होईल!"

"नको! हात लावायचा नाही म्हणजे नाही! आहे तेवढंही घालवाल!" आत्याचा आवाज चिरकला. "जा, बाहेर जा खेळायला."

खेळायला जा! घरात आग लागली तरी मोठी माणसं मुलांना खेळायला जा म्हणतील. भिंगरी पाय आपटत बाहेर पडली, तिच्या मागे ढापण्या, आणि टेबलाखालून रांगत रांगत शेपूट.

तिघांची बैठक जिन्यात भरली.

"भूत आहे," शेपटाने जाहीर केलं. "आत्यावर रागावलेलं भूत."

"भूत दोन हत्तींना घाबरलं नाही का?" भिंगरी वैतागून म्हणाली. "ढापण्या, तू काहीतरी बोल! तुझ्या तक्त्याचं काय झालं?"

ढापण्याने खिशातून चौपदरी कागद काढला. चार दिवस त्याने गुपचूप नोंद ठेवली होती. कोलांटी कधी बंद पडली, कोण बसलं होतं, चार्जर लावला होता का, शिवणयंत्र चालू होतं का, पंखा चालू होता का. कागदभर फुल्या होत्या.

"चार्जरचा संबंध नाही," तो म्हणाला. "शिवणयंत्राचा नाही. पंख्याचा तर अजिबातच नाही. एकवीस वेळा बंद पडली आणि एकवीस वेळा आईच बसली होती. बाबा बसले तेव्हा शून्य वेळा."

"म्हणजे आत्या बसली की कोलांटी झोपते," शेपूट म्हणाला.

"थांब, अजून आहे. मंगळवारी आईने तिचा टॅब केला आणि टेबलावर ठेवून उजव्या बोटाने नुसती मापं चाळली. दहा मिनिटं! तेव्हा झोपली नाही. आईने लॅपटॉप करून लिहायला घेतलं की झोपते."

"मग आत्या लिहिताना असं काय करते, जे काका करत नाहीत?" भिंगरी उठून उभी राहिली. बसून तिला विचारच करता येत नसे. "चला, बघू!"

"आपल्याला बाहेर जा सांगितलंय," शेपूट म्हणाला.

"मग खिडकीच्या बाहेरून बघू. बाहेरच झालं ना ते!"

तिघांनी खिडकीच्या कठड्याला नाकं टेकवली. आत आत्या पुन्हा कोलांटीशी झटत होती. उजव्या हाताचं एक बोट बटणांवर ठकठक करत होतं. आणि डावा हात? डावा हात तिने कोलांटीच्या डाव्या कोपऱ्यावर सपाट दाबून धरला होता, जशी काही कोलांटी आता सुईखालून सरकून जाणार होती.

"अगं बाई!" भिंगरी कुजबुजली. "आत्या लॅपटॉप कापडासारखा धरते!"

"ती सगळंच तसं धरते," ढापण्या म्हणाला. "वर्तमानपत्रसुद्धा."

पडदा काळा झाला. आत्याने दोन्ही हात वर उचलून वैतागून टेबलावर आपटले. त्याबरोबर पडदा आपोआप उजळला. पण आत्याने तो बघितलाच नाही, कारण तिने तोंड ओंजळीत लपवलं होतं.

भिंगरी टाचा उंचावून आत बघायला लागली. आत्या रडतेय की काय?

तेवढ्यात काका फोन कानाला लावून आले. "हो, हो डॉक्टर! लगेच आणतो! अगं, ते संगणकांचे डॉक्टर आहेत ना कोपऱ्यावर, ते म्हणाले घेऊन या, तासाभरात सगळं साफ करून देतो. अगदी नव्यासारखं!"

"बरं होईल," आत्या डोळे पुसत म्हणाली. "कापडाची धूळ बसतेच हो तिच्यावर."

ढापण्या खिडकीतूनच किंचाळला, "आई! साफ म्हणजे धूळ नाही! साफ म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणार ते! मापं जातील!"

"तू अजून इथेच?" काकांनी डोळे वटारले. "त्यांचा धंदा आहे तो. साफ करणं म्हणजे काय हे तू डॉक्टरांना शिकवणार?"

"बाबा, ऐका तरी!"

"मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही!"

आणि झालं! एवढं वाक्य आलं की संपलं सगळं. हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला गाठून दोन हत्तींच्या पाठीवर बसवून दूर कुठेतरी सोडून द्यायला हवं.

काकांनी कोलांटी मिटली. मिटताना पडद्याच्या काठाला लोंबकळणारी एक टाचणी त्यांना दिसली. "सगळीकडे टाचण्या!" असं पुटपुटत त्यांनी तिला टिचकी मारली. टाचणी जरा हलली आणि पुन्हा त्याच जागी जाऊन चिकटली. काकांनी ती ओढून काढली, फेकली आणि कोलांटी काखेत मारून ते निघाले.

ढापण्याचा चष्मा नाकावरून घसरला. त्याने तो वर ढकललासुद्धा नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला. "टाचणी चिकटली! डाव्या बाजूला, काठाला!"

"मग?"

"मग काय मग! प्लास्टिकला टाचणी चिकटते का कधी? तिथे आत चुंबक आहे! भिंगरी, लॅपटॉप मिटला की पडदा आपोआप बंद होतो. त्याला कसं कळतं आपण मिटलोय ते? तिथे कुठलं बटण नाही, कळ नाही. वरच्या झाकणात चुंबक असणार. झाकण खाली आलं की चुंबक खालच्या भागाजवळ येतो, आणि खालच्या भागाला वाटतं, मिटलं! झोपा!"

"पण आत्या झाकण कुठे मिटते?" शेपूट म्हणाला.

भिंगरीने नाक पुन्हा कठड्याला टेकवलं. ती खिडकीतून आत्याच्या डाव्या मनगटाकडे टक लावून बघत होती. त्या पट्ट्यावर टाचण्या कशाही आडव्यातिडव्या बसल्या होत्या, एकमेकींना धरून. खोचलेल्या नव्हत्याच त्या. चिकटलेल्या होत्या!

"ढापण्या, आत्याकडे आधी टाचण्यांची उशी होती ना? स्पंजची? ती कुठे गेली?"

"फाटली. सोमवारी बाबांनी हा पट्टा आणून दिला. स्वस्तात..."

"मस्त!" भिंगरीने वाक्य पुरं केलं. "सोमवारी! चुंबकाचा पट्टा! आणि तो पट्टा आत्या नेमकी कोलांटीच्या कोपऱ्यावर दाबून बसते! काकांच्या एका स्वस्त वस्तूने काकांच्याच दुसऱ्या स्वस्त वस्तूला झोपवलंय, आणि बोलणी आपण खातोय!"

"तरी म्हणत होतो, हत्ती नाहीत ते," शेपूट म्हणाला.

तिघं धावत आत गेली. "आत्या! कारण सापडलं! तुझ्या मनगटावर..."

"एक शब्द बोलू नका," आत्या म्हणाली. तिने शिवणयंत्राचं पायडल दाबलं आणि घरघराटात सगळं बुडून गेलं. भिंगरी ओरडून सांगायला लागली, तर आत्याने यंत्र आणखी जोरात पळवलं. घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. डॉक्टरांचं दुकान काही लांब नव्हतं. काका एव्हाना पोचलेही असतील!

"पट्टा हवाय," ढापण्या दबक्या आवाजात म्हणाला. "नुसतं सांगून त्यांना पटणार नाही. दाखवावं लागेल."

"ती देणार नाही," भिंगरी म्हणाली.

शेपटाने दोघांकडे एकदा बघितलं. मग तो शांतपणे फळीपाशी गेला, टाचण्यांचा मोठा डबा काढला आणि जमिनीवर पालथा केला.

खणणण!

यंत्र थांबलं.

"अरे गाढवा!" आत्या कडाडली. तिने मनगटावरचा पट्टा ओरबाडून काढला आणि शेपटाच्या अंगावर भिरकावला. "घे! हा जमिनीवरून फिरव आणि एकूण एक टाचणी उचल! एक जरी कोणाच्या पायात गेली ना..."

पुढचं ऐकायला शेपूट तिथे होता कुठे? पट्टा घेऊन तो दाराबाहेर पडलासुद्धा! मागोमाग भिंगरी, मागोमाग ढापण्या. "अरे! अरे चोरांनो!" करत आत्याही गळ्यातल्या टेपसकट त्यांच्या मागे धावत सुटली. धावणाऱ्या आत्याकडे रस्त्यावरचे सगळे थांबून बघायला लागले.

डॉक्टरांचं दुकान म्हणजे एक चिंचोळा बोळच होता. दोन्ही बाजूंना पोट फाडलेले संगणक, वायरींचे गुंते, आणि मध्ये एका उंच स्टुलावर डॉक्टर. त्यांच्याकडे कुठल्याही दुखण्याला दोनच उत्तरं होती. एक म्हणजे व्हायरस आणि दुसरं म्हणजे साफ. समोर कोलांटी उघडी होती, पडद्यावर काहीतरी प्रश्न आला होता आणि डॉक्टरांचं बोट 'होय' वर जाऊन थबकलं होतं. कारण त्यांना जांभई आली होती.

ती जांभई आली नसती तर ही गोष्ट इथेच रडत संपली असती.

"थांबा!" तिघं एकदम ओरडली.

"तुम्ही इथेही आलात?" काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "डॉक्टर, तुम्ही करा तुमचं काम. व्हायरस आहे ना?"

"शंभर टक्के व्हायरस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कोलांटी अजून नीट बघितलीही नव्हती.

भिंगरीने शेपटाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पट्टा आपल्या मुठीत घेतला. मग ती काउंटरला रेलून उभी राहिली. मूठ अगदी सहज कोलांटीच्या डाव्या कोपऱ्यापाशी टेकली.

"झोप!" शेपटाने हुकूम सोडला.

पडदा काळा झाला.

डॉक्टरांचं बोट हवेतच राहिलं. भिंगरीने मूठ बाजूला घेतली.

"ऊठ!" शेपूट म्हणाला.

पडदा उजळला.

"बॅटरी सैल आहे," डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

"झोप!" पुन्हा अंधार. "ऊठ!" पुन्हा उजेड.

"हं, पडद्याची वायर असणार."

"झोप!... ऊठ!"

"हवेतला दमटपणा," डॉक्टर रुमालाने मान पुसत म्हणाले. "सध्या फार आहे."

"मघाशी तर शंभर टक्के व्हायरस होता!" ढापण्या म्हणाला. "बॅटरी सैल झाली की व्हायरस पळून जातो का, डॉक्टर?"

काका एकदा कोलांटीकडे आणि एकदा शेपटाकडे बघत होते. "हा... हा काय प्रकार आहे? हे कार्टं बोलतं आणि ती ऐकते?"

"काका, तुम्ही पण म्हणून बघा ना," भिंगरी अगदी गोड आवाजात म्हणाली.

काकांनी इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "झोप."

काही झालं नाही. भिंगरीने मूठ हलवलीच नव्हती.

"तुमचा हात चांगला आहे, आवाज नाही," शेपूट म्हणाला.

नेमकी तेव्हाच आत्या धापा टाकत दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, टेपचं एक टोक पायात. "माझा पट्टा! चोरांनो! आणि तिकडे जमिनीभर टाचण्या..."

"आत्या, ओरड नंतर. आधी इथे बस," भिंगरी म्हणाली. काय झालं कोण जाणे, पण तिच्या आवाजात असं काही होतं की आत्या खरंच बसली. "आता लिही. तू रोज लिहितेस तशीच लिही."

डॉक्टरांनी मुकाट्याने तो 'होय' वाला प्रश्न बंद केला आणि मापांचं पान उघडून दिलं. आत्याने डावा हात नेहमीसारखा कोपऱ्यावर दाबला आणि उजव्या बोटाने एक आकडा टिपला. मग दुसरा, मग तिसरा. दहा झाले, पंधरा झाले. पडदा जागाच! आत्याने अविश्वासाने मान वर केली.

"आता हा बांध आणि लिही," भिंगरीने पट्टा पुढे केला.

आत्याने पट्टा बांधला, हात टेकवला, आणि कोलांटी झोपली.

मग ढापण्याने पट्ट्यावरची एक टाचणी काढून पडद्याच्या काठाला लावली. ती चिकटून लोंबकळत राहिली. त्याने झाकणातला चुंबक आणि मनगटावरचा चुंबक सगळं नीट समजावून सांगितलं, आणि विशेष म्हणजे या वेळी मध्ये कोणीही बोललं नाही. स्वतः डॉक्टर स्टुलावरून वाकून ऐकत होते.

"हे मला सुचायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं त्या दिवसातलं हे पहिलं खरं निदान.

"आणि साफ म्हणजे? धूळच ना?" काकांनी विचारलं.

"छे हो! साफ म्हणजे साफ. आत काही ठेवतच नाही मी."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने फक्त त्यांच्याकडे एकदा बघितलं. काका हळूच खुर्चीच्या मागे सरकले.

मग मात्र कामाला वेग आला. डॉक्टरांनी कोऱ्या कागदांची चळत दिली. भिंगरी मापं वाचत होती, ढापण्या तक्ता आखून लिहीत होता, आणि आत्या प्रत्येक आकडा कान देऊन ऐकत होती. "छाती बेचाळीस, बाही चोवीस..." "बरोबर, तो उंच पोरगा." "पाठ सतरा..." "बरोबर, त्याचा एक खांदा खाली आहे, तेही लिही." अडतीसच्या अडतीस मापं सुखरूप होती. काकांना प्रत्येक कागदाची आणखी एक प्रत काढायला बसवलं होतं, हाताने. कागदाचा जमाना गेला असं ते अजिबात म्हणाले नाहीत.

पाच वाजता बंबसाहेब दुकानात आले, तेव्हा काका आणि शेपूट दोघंही गुडघ्यांवर बसून पट्ट्याने टाचण्या गोळा करत होते. साहेबांनी पाय जपून टाकत आत येऊन कोट घातला, आरशात बघितलं आणि खांदे फिरवले. "एवढा नेमका कोट आयुष्यात बसला नव्हता अंगाला!" ते म्हणाले. मग त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. "इथे काय घडलं?"

शेपटाने सगळं सांगितलं. अर्थात "झोप" आणि "ऊठ" चार चार वेळा म्हणून दाखवत. साहेब पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले.

"आग विझली की आम्ही कारण शोधतो," ते म्हणाले. "त्या कामाला आमच्याकडे खास माणूस असतो. तो कधीच आधी कोणावर बोट ठेवत नाही. आधी बघतो, टिपतो, जुळवतो. तुम्ही तिघांनी तेच केलंत. शाबास! मोठेपणी नोकरी हवी असेल तर माझ्याकडे या."

शेपूट इतका ताठ उभा राहिला की त्याच्या हातातल्या टाचण्या पुन्हा सांडल्या.

साहेबांनी कोट काढून आत्याच्या हातात दिला. आत्याने तो घडी न घालता तसाच दंडावर टाकला आणि ती मुलांकडे वळली. "साहेब, तुमच्यासमोरच सांगते. चार दिवस मी या पोरांना नाही नाही ते बोलले. ती सांगत होती आणि मी यंत्र पळवत होते. चुकलं माझं."

"काय?" शेपूट म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. मोठ्या माणसाच्या तोंडून हे शब्द त्याने कधी ऐकलेच नव्हते.

"चुकलं माझं," आत्या पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. जमिनीवर बसलेल्या काकांकडे तिने बघितलं, तेव्हा तेही खाली मान घालून पुटपुटले, "माझंही."

भिंगरीने या चार दिवसांत आत्याला ऐकवायला किती उत्तरं तयार केली होती! एकाहून एक झणझणीत. रात्री अंथरुणात पडून पाठ केली होती. पण आता ऐन वेळी त्यातलं एकही आठवेना. तिने नुसती धाव घेतली आणि आत्याला घट्ट मिठी मारली.

"अगं सोड, सोड! साहेबांच्या कोटाला चुण्या पडतील!" आत्या म्हणाली. पण भिंगरीच्या पाठीवरचा हात तिने काही काढला नाही.